टोकन कोण काढतो आणि तोटा कोण भरतो? बाबासाहेबांच्या चलनविचारातून क्रिप्टोकडे पाहताना

नागपूरच्या संविधान चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि तिथेच रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. जुने लोक आजही या चौकाला रिझर्व्ह बँक चौकच म्हणतात. १४ एप्रिलच्या मध्यरात्री आपण इथेच जमतो, फटाके फोडतो, 'जय भीम'चा गजर करतो. त्या गर्दीत कोणी ना कोणी शेजारच्या पोराला बँकेच्या इमारतीकडे बोट दाखवून सांगतोच, "ही बँक आपल्या बाबासाहेबांनी काढली."

हेच वाक्य मागच्या महिन्यात मी एका वेगळ्याच ठिकाणी ऐकले. उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा मला बाजूला घेऊन गेला. त्याने मोबाईलवर एक अ‍ॅप दाखवले. निळ्या रंगाचे एक नाणे गोल फिरत होते. "दादा, हे आपल्या समाजाचं टोकन आहे. बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक काढली, आता आपण आपलं नाणं काढायचं. तीन माणसं जोडली की कमिशन सुरू होतं." त्याने चाळीस हजार रुपये भरले होते. त्यातले काही शिष्यवृत्तीचे, उरलेले आईने बचत गटातून उचललेले. अ‍ॅपवर आकडा पाऊण लाखाचा दिसत होता. मी म्हणालो, "पाचशे रुपये काढून दाखव." त्याने प्रयत्न केला, निघाले नाहीत. "सर्व्हर अपग्रेड चालू आहे," असा मेसेज आला. आज तो ग्रुप बंद आहे आणि अ‍ॅपही उघडत नाही. त्या माऊलीचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू आहे.

हा लेख त्या मुलासाठी आहे आणि त्याच्यासारख्या, उद्या अशाच अ‍ॅपवर नाव नोंदवणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. "क्रिप्टो वाईट, त्यापासून दूर राहा" एवढेच सांगायचे असते तर चार ओळी पुरल्या असत्या. आपल्याकडे त्याहून चांगले हत्यार आहे. चलन कोण काढतो, किती काढतो आणि त्याचा भाव घसरला तर मार कोणाच्या पोटावर बसतो, हे प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी विचारले. ते शिकून घेतले की कोणताही टोकनवाला आपल्याला बाबासाहेबांचे नाव सांगून फसवू शकणार नाही.

रुपयाची गोष्ट

१९२० साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजमधली प्राध्यापकी सोडून पुन्हा लंडनला गेले. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचा हात, एवढ्या भांडवलावर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रा. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भारतीय रुपयावर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी आधी बदल सुचवले, ते करून प्रबंध पुन्हा सादर झाला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकाने 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक काढले. तेव्हा बाबासाहेब ३२ वर्षांचे होते. दीक्षाभूमीवर दरवर्षी हे पुस्तक आपण विकत घेतो. किती जण ते वाचतो, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो.

पुस्तकाची मांडणी एका साध्या इतिहासावर उभी आहे. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी एकच चांदीचा रुपया केला. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. म्हणजे रुपये किती निघतील हे चांदीवर अवलंबून होते. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातले देश चांदी सोडून सोन्याकडे वळले. जगात चांदीचा पूर आला आणि तिचा भाव कोसळला. सुमारे दोन शिलिंगांना असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या खाली आला. इंग्रज सरकारला लंडनमध्ये पेन्शन, व्याज, लष्कर यांचा खर्च सोन्यात भरावा लागे. तेवढेच सोने घेण्यासाठी आता जास्त रुपये लागू लागले आणि ते रुपये इथल्या करांतूनच येणार होते.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. आता रुपये फक्त सरकार पाडणार. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सांवर धरून ठेवण्यात आला. देशात रुपया चालायचा आणि परदेशी देणी भागवण्यापुरते सरकार सोन्याच्या हिशेबाने हुंड्या विकायचे. या पद्धतीला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स हा पुढे जगप्रसिद्ध झालेला अर्थशास्त्रज्ञ तिचा मोठा समर्थक होता. १९१३ साली त्याने भारतीय चलनावर पुस्तक लिहून तिची तरफदारी केली आणि त्याच वर्षी नेमलेल्या चेंबरलेन आयोगाचा तो सदस्यही झाला.

एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाने त्याच लंडनमध्ये बसून केन्सच्या विरोधात बाजू मांडली. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे होते: रुपयाचा सोन्याशी दर स्थिर दिसतो म्हणून खूश होऊ नका. त्या रुपयात बाजारातून किती ज्वारी, किती कापड येते ते पाहा. रुपये पाडण्याची किल्ली सरकारच्या हातात आहे आणि त्यावर कसलीही मर्यादा नाही. गरज भासली की सरकार रुपये पाडते, रुपये वाढले की भाव चढतात, म्हणजे रुपयाची क्रयशक्ती घसरते. पहिल्या महायुद्धात नेमके हेच झाले. युद्धानंतर, १९२० साली सरकारने रुपया दोन शिलिंगांवर नेऊन बसवला. तो दर काही महिन्यांतच सोडून द्यावा लागला आणि मधल्या काळात सरकारी तिजोरीचे मोठे नुकसान झाले. चलन सांभाळणारे 'तज्ज्ञ' किती सांभाळू शकतात, याचा तो धडाच होता.

एम्प्रेस मिलचा मजूर

रुपया घसरत होता तेव्हा सगळ्यांचेच नुकसान होत होते काय? नाही. बाबासाहेबांनी इथेच बोट ठेवले आणि आपल्या चळवळीसाठी पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

घसरत्या रुपयाने निर्यातदार व्यापारी आणि गिरणीमालक खूश होते. माल परदेशात विकला की त्याचे रुपये जास्त मिळत. भारताचा व्यापार फुलतो आहे, असे सांगितले जात होते. बाबासाहेबांनी त्या काळातल्या सूत-कापडाच्या व्यापाराचे, किमतींचे आणि मजुरीचे आकडे मांडून विचारले, हा जादा नफा आला कुठून? किमती वाढल्या, मजुरी मात्र तेवढी वाढली नाही. मजुराच्या हातात रुपये तेवढेच राहिले, पण त्या रुपयांत पूर्वीपेक्षा कमी धान्य येऊ लागले. त्याच्या ताटातला जो घास कमी झाला, तो मालकाच्या नफ्यात जमा झाला. यात देश श्रीमंत होत नव्हता. देशातल्या एका वर्गाचा पैसा दुसऱ्या वर्गाकडे जात होता.

हे चित्र नागपूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी आपल्या शहरात सुरू झाली, म्हणजे रुपया घसरणीला लागलेल्या काळातच. त्या मिलमध्ये आपल्या समाजातले आजे-पणजे मोठ्या संख्येने राबले. गावकीच्या जाचातून सुटून रोख पगार हातात आला, म्हणून मिल त्यांना मोठा आधार वाटली आणि ती आधार होतीही. पण रोख पगार मिळणे वेगळे आणि त्या रोखीची किंमत टिकणे वेगळे. पगार ज्या नाण्यात मिळतो त्या नाण्याची किंमत दुसराच कोणी ठरवत असेल, तर मजुराला न विचारता त्याचा पगार कापता येतो, हे बाबासाहेबांनी आकड्यांनी सिद्ध केले. आज त्या मिलच्या जागेवर मॉल उभा आहे.

मग रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली का?

इथे प्रामाणिक राहूया. आपले विरोधक आपल्या एका चुकीच्या वाक्यावर टपलेले असतात.

१९२५ साली इंग्रज सरकारने हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय चलनावर शाही आयोग नेमला. बाबासाहेबांनी आयोगाला लेखी निवेदन दिले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांची साक्ष झाली. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. या वाटेवर बाबासाहेबांची साक्ष हा महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्याचा अभिमान आपल्याला असलाच पाहिजे. पण "बँक त्यांनी काढली" असे म्हणून आपण त्यांचा खरा विचार झाकून टाकतो. त्यांच्या निवेदनाचा गाभा बँकेचा नव्हता, तो चलनाच्या मर्यादेचा होता. त्यांच्या सूचना अशा होत्या: रुपये पाडण्यासाठी टांकसाळ जनतेला बंद आहे तशी सरकारलाही पूर्ण बंद करा. सोन्याचे नाणे पाडण्यासाठी टांकसाळ उघडा. रुपया आणि सोन्याचे नाणे यांचे प्रमाण कायद्याने ठरवा. दोन्ही नाणी चालू द्या, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची जबाबदारी सरकारवर ठेवू नका. रुपयांची संख्या एकदा बांधली गेली की सरकारच्या लहरीने ती वाढणार नाही.

त्यांच्या चलनविचारात एक कसोटी सारखी डोकावते. पद्धत अशी हवी की ती मूर्खाच्या हाती बिघडू नये आणि लबाडाच्या हाती वाकू नये. चालवणारा माणूस चांगला निघेल या भरवशावर ते विसंबत नाहीत. पुढे संविधान लिहिताना जी दृष्टी दिसते, तीच इथेही आहे.

वही सगळ्यांच्या हाती?

आता २००८ मध्ये येऊ. अमेरिकेतल्या मोठ्या बँका कोसळत होत्या आणि सरकारे जनतेच्या पैशाने त्यांना वाचवत होती. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे जाळे सुरू झाले. हा सातोशी कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

बिटकॉइनची कल्पना समजायला सावकाराची वही आठवा. वही सावकाराच्या कपाटात, अंगठा आपला. त्याने पन्नासचे पाचशे केले तरी आपल्याकडे पुरावा नाही. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, जिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी असतात. व्यवहारांचे एक पान भरले की ते आधीच्या पानाला गणिती खुणेने शिवले जाते. जुन्या पानावरचे एक अक्षर बदलले तरी पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. वही कोणा एकाची नाही. शिवाय बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त कधीच निघणार नाहीत, असा नियम आहे. नवे नाणे निघण्याचा वेग साधारण चार वर्षांनी निम्मा होतो.

हे ऐकून आपल्यातले काही हुशार तरुण म्हणतात, "मर्यादित चलन, सरकारची लुडबूड नाही. हे तर बाबासाहेबांच्या मनातलंच झालं!"

अर्धेच झाले. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती कशासाठी? मजुराच्या हातातल्या रुपयाची किंमत टिकावी म्हणून. मर्यादा हे साधन होते. बिटकॉइनला मर्यादा आहे, पण किंमत कुठे टिकते? नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन ६८ हजार डॉलरच्या वर होता. वर्षभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजारांच्या खाली आला. पुढे तो पुन्हा वर गेला हे खरे. पण ज्याला महिन्याच्या सात तारखेला घरभाडे द्यायचे आहे, तो "पुढे वर जाईल" म्हणून थांबू शकत नाही. तो पडत्या भावात विकतो. थांबू शकणारा श्रीमंत ते विकत घेतो. म्हणजे पुन्हा तेच, एका वर्गाचा पैसा दुसऱ्या वर्गाकडे.

दुसरा मुद्दा सत्तेचा. या वहीत पुढचे पान लिहिण्याचा अधिकार कोणाला? बिटकॉइनमध्ये ज्याच्याकडे जास्त संगणक आणि जास्त वीज, त्याला संधी जास्त. इथेरियम हे दुसरे मोठे जाळे सप्टेंबर २०२२ पासून वेगळ्या पद्धतीने चालते. तिथे ज्याची जास्त नाणी तारण ठेवलेली, त्याला संधी जास्त. अनेक टोकनांच्या प्रकल्पांत तर मतदानच नाण्यांच्या संख्येवर होते: एक नाणे, एक मत. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस एक मत, एक मूल्य असेल, पण आर्थिक जीवनात हे मूल्य नाकारले जात राहिले तर लोकशाहीच धोक्यात येईल. "ही नवी लोकशाही आहे" असे कोणी सांगितले तर विचारा, माणसाला मत आहे की नाण्याला?

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बिटकॉइन हे एक जाळे झाले. टोकन मात्र लाखो आहेत. इथेरियमसारख्या जाळ्यावर थोडेसे शुल्क भरून कोणीही काही मिनिटांत स्वतःचे टोकन काढू शकतो. त्याची संख्या किती, वाढवण्याची किल्ली कोणाकडे, सुरुवातीलाच निम्मी नाणी स्वतःच्या खिशात टाकली आहेत का, हे सगळे तो काढणाराच ठरवतो. १८९३ नंतरच्या इंग्रज सरकारसारखीच त्याची टांकसाळ इतरांना बंद आणि त्याला उघडी असते. फरक एवढाच की त्या सरकारचा पत्ता तरी आपल्याला माहीत होता.

एटापल्लीची नोंद

या तंत्रात आपल्या उपयोगाचे काही नाहीच का? आहे. उदाहरण दूरचे नाही, गडचिरोलीचे आहे. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेन जाळ्यावर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. पॉलिगॉन हे भारतीय तरुणांनी सुरू केलेले जाळे. त्याच्या टोकनाचे आधीचे नाव मॅटिक. अशा पद्धतीत कागदाची गणिती खूण साखळीवर ठेवतात. पुढे कोणी प्रमाणपत्रात खाडाखोड केली तर खूण जुळत नाही आणि बनावट कागद लगेच ओळखू येतो.

खोट्या जातप्रमाणपत्रांनी आपल्या आणि आदिवासी बांधवांच्या किती जागा खाल्ल्या, हे वेगळे सांगायला नको. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली, महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. तरी लढाई चालूच आहे. म्हणून एटापल्लीसारखा प्रयोग मला स्वागतार्ह वाटतो. लोकांना टोकन विकत घ्यायला न लावता ब्लॉकचेन वापरता येते, हेही त्यातून दिसते.

पण दोन गोष्टी विसरू नका. साखळी कागद बदलू देत नाही. कागद मुळात खरा आहे की नाही, हे तिला कळत नाही. कार्यालयातच खोटी नोंद झाली तर साखळी तिला तेवढ्याच निष्ठेने जपेल. आणि न पुसता येणारी नोंद हीसुद्धा दुधारी असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. पण बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. या ३४ वर्षांत कागदावर काय लिहायचे, या एका प्रश्नाने आपल्या माणसांना किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लावले! चुकलेली नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्यासाठी चैनीची गोष्ट नाही. म्हणून सरकार अशी वही आणत असेल तर आपली मागणी स्पष्ट हवी: दुरुस्तीचा मार्ग कोणता, दाद कुठे मागायची आणि नोंदीसाठी जबाबदार अधिकारी कोण?

लबाडाच्या हाती

आता त्या निळ्या नाण्याकडे परत येऊ. अशा योजनांचाही एक इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्राची पाने बरीच आहेत.

एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइन या योजनेच्या सभेतून १८ जणांना पकडले. वनकॉइनच्या मागे खरे ब्लॉकचेन नव्हतेच, हे पुढे परदेशातल्या खटल्यांत उघड झाले. आकडे फक्त कंपनीच्या संगणकावर फिरत होते. म्हणजे पुन्हा सावकाराची वही, तीही सावकाराच्याच कपाटात.

गेनबिटकॉइनचे प्रकरण त्याहून मोठे. दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आश्वासन आणि माणसामागे माणूस जोडण्याची साखळी. सूत्रधार म्हणून आरोप असलेल्या अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. या प्रकरणाचे सर्वांत बोलके पान मार्च २०२२ चे आहे: तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच जप्त व्हायचे क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याच्या आरोपाखाली पुणे पोलिसांनी अटक केली. तंत्र कितीही पक्के असो, किल्ली माणसाच्याच हातात असते. लबाडाच्या हाती वाकू नये, ही कसोटी बाबासाहेबांनी उगाच लावली नव्हती.

आपल्याच वस्तीत हे का चालते? कारण आपल्याला बँक सहज कर्ज देत नाही, घरात वारशाने शेअर आलेले नाहीत, नोकरभरती वर्षानुवर्षे अडकलेली असते. "आपल्याला कधी कोणी आत घेतलं नाही, हे दार उघडं आहे," असे कोणी म्हटले की मन ओढले जाते. त्यात बोलावणारा आपलाच, विहारात भेटणारा, 'जय भीम' म्हणून हात मिळवणारा. विश्वास हेच आपल्या समाजाचे भांडवल आहे आणि हे लोक नेमके तेच लुटतात. फसलेल्या मुलाला हसू नका, त्याला तक्रार द्यायला सोबत घेऊन जा. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते अडवण्याची शक्यता जास्त.

तरीही सुरुवात करायची असेल तर

काही जण म्हणतील, "दादा, मला तंत्र शिकायचंय." जरूर शिका. आपली मुले हे तंत्र लिहिणारी व्हायला हवीत, नुसती गिऱ्हाईक राहायला नकोत. शिकायला पैसे गुंतवावे लागत नाहीत. सरावासाठी टेस्टनेट नावाची जाळी असतात, तिथल्या नाण्यांना बाजारात किंमत नसते. तिथे वॉलेट उघडा, व्यवहार करून पाहा, तो सार्वजनिक वहीत कसा दिसतो ते बघा. वॉलेट उघडताना १२ किंवा २४ शब्द मिळतात. तेच शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. ते कोणालाही सांगायचे नाहीत. हरवले तर परत देणारे कोणतेही कार्यालय नाही. प्रत्येक व्यवहाराला त्या जाळ्याच्या नाण्यात शुल्क लागते, हेही तिथेच कळेल.

खरे पैसे घालण्याआधी कायदा माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून वारंवार इशारे दिले. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले आणि ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. आज क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग विरोधी कायदा लागू आहे आणि त्यांना सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे तो नाही.

कोणीही टोकन घेऊन आला तर त्याला बाबासाहेबांच्या पुस्तकातून निघणारे हे प्रश्न विचारा. हे नाणे कोण काढतो आणि त्याचा पत्ता काय? किती काढणार आणि तो आकडा वाढवण्याची किल्ली कोणाकडे आहे? माझ्या हातातल्या नाण्यात पुढच्या महिन्यात किती किलो तांदूळ येईल? आणि भाव पडला तर तोटा तुझा की माझ्या आईचा? समोरचा चिडला, विषय बदलू लागला किंवा "तुमचा समाजावर विश्वास नाही का?" असे म्हणाला, तर उत्तर मिळाले असे समजा आणि उठून या.

बाबासाहेबांनी आपल्याला नाणे दिले नाही, नाण्याला प्रश्न विचारण्याची बुद्धी दिली. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरून पुस्तक घ्याल तेव्हा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' घ्या आणि वस्तीतल्या चार पोरांना बसवून त्यातला किमती आणि मजुरीचा भाग मोठ्याने वाचा. त्या अभ्यासिकेतल्या मुलाने आता तेच सुरू केले आहे. पहिल्या रविवारी तिघे आले होते.

जय भीम!